टुणूक कसे काढावे?

परवा माझ्या चार वर्षांच्या नातीने एका चित्रपुस्तकाचे पान माझ्या नाकासमोर धरले आणि विचारले, "आजी, हा भोपळा उडी मारतोय की नुसता बसलाय?" पानाच्या तळाशी 'चल रे भोपळ्या टुणूक टुणूक' हे शब्द लाल, जाड अक्षरांत छापलेले होते आणि त्यांच्या वर एक केशरी भोपळा, मंडईतल्या टोपलीत असावा तसा निवांत टेकलेला होता. मी चष्मा लावून पाहिले. तो बसलाच होता. आजूबाजूला झाडे होती, फुलपाखरे होती, ढगाला डोळे आणि हसू होते. सारे काही होते, फक्त टुणूक नव्हते.

त्या आठवड्यात मी घरातली, शेजारून मागून आणलेली आणि वाचनालयातली अशी भोपळ्याच्या गोष्टीची पाच पुस्तके गोळा केली आणि दुपारच्या वेळी ती जाजमावर मांडून बसले. आपण ज्या गोष्टी कानांनी ऐकल्या, त्या नातवंडांना आता डोळ्यांनी मिळतात, यात कुरकुर करण्यासारखे काही नाही. मात्र लोककथेचे चित्रपुस्तक करणाऱ्याला ती गोष्ट नुसती माहीत असून भागत नाही. ती सांगताना सांगणारीचा आवाज, तिचे हात, तिची मांडी आणि भोवतालचा अंधार जे काम करत असत, ते काम पानावर कोणी करायचे, हे त्याने आधी ठरवावे लागते. त्या पाचांपैकी चार पुस्तकांत हा प्रश्न कोणाला पडलाच नव्हता, असे माझे मत झाले.

माझी आजी वाईची. रात्री जेवणे आटोपली की ती भिंतीला टेकून, गुडघे उभे करून बसे आणि आम्हा भावंडांपैकी जो सर्वांत लहान असेल त्याला गुडघ्यांवर घेई. म्हातारी लेकीकडे निघाली, वाटेत कोल्हा भेटला, वाघ भेटला, "म्हातारे म्हातारे, मी तुला खाणार," असे प्रत्येकाने म्हटले, इथवर गुडघे स्थिर असत. "लेकीकडे जाईन, तूपरोटी खाईन, लठ्ठ होऊन येईन, मग मला खा," हे म्हातारीचे उत्तर आम्ही सगळे एका सुरात म्हणत असू. लेकीने भोपळा पोखरून आईला त्यात बसवले, देठाचे झाकण लावले, आणि मग आजीचे गुडघे हलू लागत. "म्हातारी-बितारी मला नाही माहीत, चल रे भोपळ्या..." इथे ती क्षणभर थांबे, आणि "टुणूक" म्हणताना गुडघे असे काही वर उचले की गुडघ्यांवरच्या पोराची बसण्याची जागाच नाहीशी होई. आमच्या घरात टुणूक हे केवळ कानाने ऐकण्याचे नव्हते. ते पोटात जाणवे. भोपळ्यात म्हातारी होती, हे खरे. पण भोपळ्यात तेवढ्यापुरते आम्हीही होतो.

या शब्दाचा विचार करत बसले तेव्हा एक गोष्ट लक्षात आली. भोपळा हा टुणटुण उड्या मारण्याचा पदार्थच नव्हे. टुणकन उडी मारते ते बेडूक, टोळ, फार तर करडू. भोपळा उतारावरून सोडला तर तो घरंगळतो, गडगडत जातो. बंगालमध्ये हीच गोष्ट कुबड्या म्हातारीची म्हणून सांगतात. उपेंद्रकिशोर रायचौधुरी यांनी १९१० साली 'टुनटुनिर बोई' या पुस्तकात ती लिहून ठेवली. तिथली म्हातारी नातीकडे जाते आणि परत येते ती दुधी भोपळ्याच्या कवचात बसून. तो दुधी 'गडगड' करत जातो, आणि आत बसलेली म्हातारी पोहे आणि चिंच खात, चिंचोके टाकत गाणे म्हणते. इराणमधल्या मुलांनाही हीच गोष्ट ठाऊक आहे. तिथली म्हातारी लेकीकडेच जाते, वाटेत लांडगा, बिबट्या आणि सिंह भेटतात, आणि तिथला भोपळाही गडगडतच येतो. गोष्टीच्या नावातच त्याचे गडगडणे आहे. उडी मारणारा भोपळा निदान मला तरी आपल्याकडेच भेटला. कुठल्या तरी आजीने, केव्हा तरी, गुडघ्यावरच्या पोराला हसवण्यासाठी तो घरंगळणे सोडून उड्या मारायला लावला असावा, अशी माझी आपली समजूत आहे. तिला पुरावा काही नाही.

तर मग ही उडी कागदावर कशी आणायची? चित्रकाराजवळ त्याचे उपाय असतात. भोपळ्याची सावली त्याच्या बुडापासून वेगळी काढली की तो हवेत गेला, एवढ्याने काम होते. म्हणजे टुणूक हे भोपळ्यात काढायचे नसून भोपळा आणि सावली यांच्यामधल्या रिकाम्या जागेत काढायचे असते. माझ्यासमोरच्या पाच पुस्तकांपैकी एकात चित्रकाराने त्याहून पुढची युक्ती केली होती: एका पानावर 'चल रे भोपळ्या' एवढेच शब्द आणि खाली दबलेला, उडीच्या बेतात असलेला, किंचित चपटा भोपळा, पान उलटले की शब्द 'टुणूक' आणि भोपळा पानाच्या वरच्या कडेला टेकलेला, अर्धा पानाबाहेर. आजी जिथे थांबत असे, नेमके तिथेच पान उलटत होते. नातीने ते पान सलग अकरा वेळा उलटले. बाराव्या वेळी मी पुस्तक बाजूला ठेवले, कारण आमटी उतू चालली होती.

पान उलटणे ही चित्रपुस्तकाची खरी ताकद आहे. अशी पुस्तके बहुधा ३२ पानांची असतात, म्हणजे छापखान्याच्या हिशेबाने सोळा-सोळा पानांचे दोन फॉर्म. त्यातली शीर्षकाची, श्रेयनामावलीची पाने वजा केली तर गोष्टीला चौदा-पंधरा जोडपाने उरतात आणि पान उलटण्याच्या जागाही जवळपास तितक्याच. तोंडी कथनात याची जागा हुंकाराची होती. सांगणारी थांबली की ऐकणाऱ्याने 'हं' म्हणायचे, असा दंडकच असे, आणि 'हं' आले नाही तर आजी गोष्ट तिथेच सोडून देई, कारण एक तर पोर झोपले असे किंवा त्याचे लक्ष उडालेले असे. दोन्ही परिस्थितींत पुढे सांगण्यात अर्थ नसे. पुस्तकात हा हुंकार मुलाच्या बोटात आला. गोष्ट पुढे जावी असे त्याला वाटते तेव्हा ते पान उलटते, आणि भीती वाटली तर उलटलेले पान झटकन परत फिरवते. ही दुसरी सोय आम्हाला नव्हती. वाघ एकदा आला की आला.

जिथे एका पानावर चार परिच्छेद भरून खालच्या कोपऱ्यात शिक्का मारावा तसे चित्र टाकतात, ते पुस्तक सचित्र असेल, पण ते चित्रपुस्तक नव्हे. हा भेद आपल्याकडे अजून पुरता रुजलेला नाही. माधुरी पुरंदरे यांच्यासारख्या लेखिका-चित्रकर्तीने मराठीत शब्द आणि चित्र एकमेकांच्या हातात हात घालून कसे चालतात ते उत्तम रीतीने दाखवून दिले. परंतु चांगल्या चित्रकारांचा ओढा साहजिकच नव्या गोष्टींकडे राहिला आणि चिऊ-काऊ, भोपळा, टोपीवाला या जुन्या मंडळींच्या वाट्याला बहुतेक वेळा एसटी स्टँडवरच्या स्टॉलची गुळगुळीत, भडक पुस्तके आली. या गोष्टी सर्वांना ठाऊक आहेत, त्यात नवे काय करायचे, असे वाटत असावे. माझ्या मते त्या सर्वांना ठाऊक आहेत म्हणूनच त्या काढणे अवघड आहे.

आपल्या गोष्टी चित्रांसह छापण्याचा उद्योग काही आजचा नाही. १८६८ साली लंडनमध्ये 'ओल्ड डेक्कन डेज' हे पुस्तक निघाले. मुंबईचे गव्हर्नर बार्टल फ्रिअर यांची मुलगी मेरी हिने ते सिद्ध केले होते आणि चित्रे तिच्या बहिणीची होती. परंतु गोष्टी सांगितल्या होत्या त्या अ‍ॅना लिबराता डिसूझा या आयाने. तिच्या आजोबांचे घराणे मूळचे लिंगायत, पुढे गोव्याजवळ येऊन ख्रिस्ती झालेले, आणि तिला या गोष्टी तिच्या आजीकडून मिळालेल्या. पुढे १९१४ साली चार्ल्स किंकेड या सनदी अधिकाऱ्याने, म्हणजे ज्याने पारसनिसांच्या जोडीने मराठ्यांचा इतिहास लिहिला त्यानेच, आपल्या वारांच्या आणि सणांच्या कहाण्या 'डेक्कन नर्सरी टेल्स' या नावाने इंग्रजीत आणल्या आणि त्यांना चित्रे काढली महादेव विश्वनाथ धुरंधर यांनी. जे. जे. स्कूल ऑफ आर्टच्या या थोर चित्रकाराला नऊवारी नेसलेली बाई कशी बसते, कशी वाकते, डोक्यावरचा पदर कसा सावरते हे अंगोपांगी ठाऊक होते. आज मुलांच्या पुस्तकांतली नऊवारी पाहते तेव्हा मला धुरंधरांची आठवण येते. मागचा काष्टा जाऊ द्या, पुढच्या निऱ्यासुद्धा कुठून निघतात आणि कुठे जातात याचा पत्ता नसतो.

किंकेडच्या पुस्तकातली एक गंमत मात्र सांगितलीच पाहिजे. आपली कहाणी 'आटपाट नगर होतं' अशी सुरू होते. इंग्रजीत ते झाले आहे, 'आटपाट नावाचे एक नगर होते'. म्हणजे ज्या शब्दाला कहाणीबाहेर अस्तित्व नाही, जो केवळ 'आता बसा, ऐका' एवढेच सांगायला येतो, त्याला नकाशावरच्या गावासारखे नाव मिळाले. यात किंकेडला हसावे असे मला वाटत नाही, कारण गोष्ट तोंडातून कागदावर आली की असे होतेच. तोंडी गोष्टीत पुष्कळशा वस्तू धूसर असतात आणि त्या तशा राहण्यातच त्यांची मजा असते. कागद मात्र प्रत्येकीला विचारतो, तू नक्की कशी आहेस? किंकेडला आटपाट नगराचे काय करायचे ते ठरवावे लागले, आणि आजच्या चित्रकाराला मेणाच्या घराचे.

'काऊचं घर होतं शेणाचं, चिऊचं घर होतं मेणाचं.' पन्नास-साठ वर्षांत मला एकदाही प्रश्न पडला नव्हता की मेणाचे घर दिसते कसे. शेणाला मेण जुळले, कान सुखावला, काम झाले. एका पुस्तकात हे घर मेणबत्तीच्या पांढऱ्या रंगाचे, लाल कौलांचे, खिडकीला चौकटीचा पडदा असलेले आहे आणि छपरावर धुरांडे आहे. चिमणीच्या घरावर चिमणी, असा विनोद चित्रकाराने जाणूनबुजून केला असता तर मी त्याला नमस्कार केला असता; पण तसे काही दिसत नाही, ते घर बहुधा तीन डुकरांच्या गोष्टीतून उसने आले असावे. दुसऱ्या एका पुस्तकात तर शेणच नाहीसे झाले आहे आणि काऊचे घर मातीचे झाले आहे. मोठ्यांच्या नाकाला आलेली ही घाण आहे. मुलांना शेण हा शब्द अतिशय आवडतो. माझी नात तो उच्चारताना आनंदाने थरथरते. आणि आमच्या आजीच्या दृष्टीने शेण ही घाण नव्हतीच. ती रोज शेणाने अंगण सारवत होती. काऊचे घर वाहून गेले ते शेण घाणेरडे म्हणून नाही, तर ते पावसात विरघळते म्हणून, इतका साधा व्यवहार त्यामागे आहे. माती घातल्यावर व्यवहार टिकला, यमक मात्र गेले. या गोष्टीत यमक गेले की घराचा पायाच गेला.

चिऊताईचा निष्ठुरपणा हा अलीकडे चर्चेचा विषय झाला आहे. बाहेर मुसळधार पाऊस, काऊ कुडकुडत दारात उभा, "चिऊताई चिऊताई दार उघड" म्हणून आर्जवे करतो, आणि आतून उत्तर येते, "थांब, माझ्या बाळाला न्हाऊ घालते." मग, "थांब, बाळाचं अंग पुसते." मग अंगडे, टोपडे, काजळ, तीट, दूध, पाळणा. सुशिक्षित आईबापांना यात शेजारधर्माचा अभाव दिसतो, आणि एका पुस्तकात चिऊने पहिल्याच हाकेला दार उघडून काऊला टॉवेल दिला आहे. गोष्ट सातव्या पानावर संपली आणि उरलेल्या पानांवर रंगवायला चित्रे दिली आहेत.

ही गोष्ट ऐकणारे मूल दोन-तीन वर्षांचे असते, आणि ते काऊच्या बाजूने ती ऐकत नाही. ते चिऊच्या बाळाच्या बाजूने ऐकते. न्हाणे, पुसणे, कपडे, तीट, दूध, निजणे, हा त्याचा स्वतःचा दिवस आहे, त्याच क्रमाने, आणि आई हे सगळे करत असताना दाराबाहेर कोणी कितीही हाका मारल्या तरी ती बाळाला सोडून उठत नाही, ही त्या वयातली सर्वांत मोठी चैन आहे. वास्तवात आई उठतेच. कुकरची शिट्टी होते, फोन वाजतो, बेल वाजते. गोष्टीतली आई तेवढी उठत नाही. काऊचे काय, असा प्रश्न पुढे येतो, चौथ्या-पाचव्या वर्षी, आणि तो आल्यावर त्याच्यावर बोलायला वेळ भरपूर असतो. आमच्या आजीच्या कथनात काऊ शेवटी आत येत असे, चुलीपाशी बसत असे, आणि शेकता शेकता शेपटी भाजून घेत असे. त्यावर आम्ही सगळे हसत असू, आणि माझा धाकटा भाऊ दर वेळी रडत असे. दोन्ही गोष्टींना त्या खोलीत जागा होती.

या गोष्टीसाठी चित्रकाराला एक आयती सोय आहे, आणि ती कोणी वापरलेली मला अजून दिसली नाही. जोडपानाच्या मधोमध जी घडी असते तेच दार. डाव्या पानावर पाऊस, अंधार आणि भिजलेला काऊ. उजव्या पानावर चुलीचा उजेड, न्हाणीतला तांब्या, पाळणा. पानामागून पान डावीकडे पाऊस वाढत जाईल, काऊ लहान होत जाईल, आणि उजवीकडे बाळाच्या अंगावर एकेक वस्तू चढत जाईल. शब्द तेच राहतील. मूल एकाच वेळी दोन्हीकडे पाहील, जे कानांनी ऐकताना कधीच शक्य नव्हते. असे एक पुस्तक कोणी केले तर मी त्याच्या दहा प्रती घेईन आणि बारशाला तेच देईन.

पुन्हा म्हातारीकडे येते, कारण माझा जीव तिच्यातच अडकलेला आहे. तिच्या प्रवासाची एक अडचण मला पुस्तके मांडून बसल्यावरच समजली. मराठी पुस्तक डावीकडून उजवीकडे वाचले जाते, म्हणून लेकीकडे जाणारी म्हातारी साहजिकच उजवीकडे तोंड करून चालते. पण परत येताना? तिचे तोंड डावीकडे केले तर ती पान उलटण्याच्या उलट दिशेने, जणू वाचणाऱ्याच्या अंगावर चाल करून येते. आणि उजवीकडेच ठेवले तर ती घरी परतते आहे की लेकीच्या गावाच्याही पुढे निघाली आहे, हे मुलाला कळत नाही. पाचांपैकी तीन पुस्तकांत भोपळा उजवीकडेच धावतो, आणि नातीने त्यावर "ही हरवली का?" असे विचारले. एकाच पुस्तकात, पान उलटून टुणूक करणाऱ्या त्याच त्या शहाण्या पुस्तकात, भोपळा उलट दिशेने येतो, कोल्हा आणि वाघ जाताना होते त्याच झाडांखाली, फक्त उलट्या क्रमाने भेटतात, आणि झाडांच्या सावल्या आता दुसऱ्या बाजूला पडलेल्या असतात. शब्दांत याबद्दल एक अक्षरही नाही. इराणी मुलांच्या पुस्तकात, तिथली लिपी उजवीकडून डावीकडे जात असल्याने, हे सगळे आरशात पाहावे तसे उलटे करावे लागत असेल, आणि त्या म्हातारीला घरी येण्यासाठी आपली म्हातारी लेकीकडे जाते ती दिशा धरावी लागत असेल.

दुसरी गोष्ट लठ्ठपणाची. म्हातारी जाताना काटकुळी असते आणि येताना लठ्ठ झालेली असते. तसे तिने कोल्ह्याला आणि वाघाला वचनच दिले होते. चार पुस्तकांत जातानाची आणि येतानाची म्हातारी तीच आहे, बहुधा संगणकावर उचलून तशीच पुन्हा ठेवलेली. "हिने तूपरोटी खाल्लीच नाही," असा शेरा नातीने दिला, आणि तो मला मोठ्यांच्या कित्येक पुस्तक-परीक्षणांपेक्षा नेमका वाटला.

ती तूपरोटी हा माझ्या मते या गोष्टीचा गाभा आहे. रोटी हा शब्द आमच्या घरात एरवी कोणी वापरत नव्हते; आमच्याकडे पोळी असे किंवा भाकरी असे. तरी गोष्टीत मात्र तूपरोटीच, तालासाठी असेल किंवा ती जिभेवर परक्या पक्वान्नासारखी वाटावी म्हणून असेल. (एका पुस्तकात तंदुरी रोटी काढलेली आहे, काळ्या डागांसकट. असो.) पण त्याहून मोठी गोष्ट अशी की आमच्या आजीच्या पिढीत लेकीच्या घरी राहणे, तिथे जेवणे हे आईबापांना कमीपणाचे वाटे, लेकीच्या घरचे पाणीसुद्धा पिऊ नये म्हणणारी माणसे मी पाहिली आहेत. माझी आजी माझ्या आत्याकडे दोन दिवसांच्या वर कधी राहिली नाही आणि राहिली तेव्हाही सोबत शिधा घेऊन गेली. अशी बाई रोज रात्री गुडघ्यांवर पोर घेऊन "लेकीकडे जाईन, तूपरोटी खाईन, लठ्ठ होऊन येईन" हे ठणकावून म्हणत होती. आम्ही ते वाघाला दिलेले उत्तर म्हणून ऐकत होतो. ती ते कोणाला ऐकवत होती, हा विचार मला या वयात सुचला. जो चित्रकार लेकीच्या घराला केवळ एक पान देतो, एक ताट काढतो आणि मोकळा होतो, त्याच्याकडे मी म्हणून रागाने पाहते. तिथे दोन जोडपाने हवीत. आईच्या पोळीवर तूप सोडणारी लेक हवी, तुपाची धार थांबवण्यासाठी आडवा आलेला म्हातारीचा हात हवा, आणि त्या हाताला न जुमानणारी धार हवी.

आता वाघाविषयी. गोष्टीतल्या भीतीची धार काढून टाकण्याची जी चाल सध्या पडली आहे, तिचा एक नमुना या पाचांत होताच. त्यात वाघ म्हातारीला खाईन असे म्हणत नाही. तो म्हणतो, "मला एकटं वाटतं." शेवटी कोल्हा, वाघ आणि म्हातारी एका झाडाखाली बसून तूपरोटी वाटून खातात आणि वर इंद्रधनुष्य उगवते. पुस्तक कोणाचे ते मी सांगणार नाही. कागद चांगला आहे, शिवण पक्की आहे, हेतूही चांगलाच असणार. मी ते शेवटपर्यंत वाचून दाखवले. नातीने शांतपणे ऐकून घेतले आणि विचारले, "मग ती भोपळ्यात कशाला बसली?"

मला उत्तर देता आले नाही. खाणारा नसेल तर भोपळा नाही, भोपळा नसेल तर टुणूक नाही, आणि टुणूक नसेल तर एका म्हातारीने नातेवाइकांकडे जाऊन आल्याची ती नुसती बातमी उरते. शिवाय, खाऊन टाकण्याची भाषा मुलांना नवी नसते. गालाचा मुका घेताना आपण त्यांना दिवसातून दहा वेळा "खाऊ का तुला?" म्हणून विचारतो आणि ती खिदळत पळतात. पळून जायला जागा असणे आणि तरी कोणीतरी मागे लागणे हा त्यांचा सर्वांत आवडता खेळ आहे. वाघ किती भयंकर काढावा हा मात्र खरा प्रश्न आहे, कारण तोंडी गोष्टीत प्रत्येक मूल आपल्याला झेपेल एवढाच वाघ मनात तयार करते आणि चित्रात सर्वांना एकच वाघ मिळतो. आमच्या शहाण्या पुस्तकाने त्यावर उपाय काढला आहे: जाताना वाघाची फक्त शेपटी आणि दोन डोळे गवतात दिसतात, आणि येताना, म्हणजे आपण भोपळ्यात सुरक्षित बसल्यावर, तो संपूर्ण दिसतो.

काही वर्षांपूर्वी कुडाळजवळ पिंगुळीला ठाकर कलावंतांच्या चित्रकथी पाहिल्या होत्या. सुट्या कागदांवरची चित्रे, पाठीला पाठ लावून चिकटवलेली, एकेका कथेची एकेक पोथी. आणि सांगणारा एक चित्र समोर धरून, वीणा, हुडूक आणि टाळ यांच्या साथीने रामायण-महाभारतातले आख्यान लावतो. या कलेसाठी परशुराम गंगावणे यांना २०२१ साली पद्मश्री मिळाली. मला तिथे जाणवले ते असे की त्या चित्रांत धावपळ फारशी नाही. माणसे एका बाजूला तोंड करून, मोठाले डोळे उघडे ठेवून उभी आहेत, बाण सुटायचा आहे, रथ निघायचा आहे. सुटणे आणि निघणे हे काम आवाजाकडे सोपवलेले आहे. मुलांचे चित्रपुस्तक म्हणजे आख्यान नव्हे, पण तीन-चार वर्षांच्या मुलाला वाचता येत नाही आणि पुस्तक कोणीतरी मोठ्यानेच वाचून दाखवायचे असते, ही परिस्थिती मात्र दोन्हीकडे तीच आहे. चित्राने सगळेच सांगून टाकले तर वाचून दाखवणाऱ्याच्या गळ्याला काही काम उरत नाही, आणि मग तो कंटाळतो, शब्द भराभर उरकतो, मधली दोन पाने एकदम उलटतो. मुलांना ते लगेच कळते.

शहाण्या पुस्तकाबद्दल माझी एकच तक्रार आहे. त्यात भोपळ्याला पुढच्या बाजूला एक गोल भोक ठेवले आहे आणि त्यातून म्हातारी डोकावते. म्हातारी आत आहे हे मुलाला दिसायला हवे, वाघाला दिसता कामा नये, म्हणून चित्रकाराने ते केले असणार, आणि हिशेब बरोबर आहे. मुलाला गुपित ठाऊक आणि वाघाला नाही, यातच तर सगळी मौज. पण भोक पडल्यावर भोपळा भोपळा राहत नाही, त्याचा मेणा होतो. आत अंधार हवा. आम्ही गुडघ्यांवर डोळे मिटून बसत असू.

काल संध्याकाळी नातीने पाठकोऱ्या कागदावर स्वतः भोपळा काढला. आधी एक मोठा गोल, त्याच्या आत गुडघे पोटाशी घेतलेली म्हातारी, मांडीवर तुपाचा डबा, आणि उरलेल्या जागेत काळा खडू इतका घासला की कागद दोन ठिकाणी फाटला. बाहेरचा वाघ तिने काढला नाही. मी विचारले, तर म्हणाली, "आतून कसा दिसेल?" मग तिने खडू खाली ठेवला, माझ्या गुडघ्यांकडे पाहिले आणि ती वर चढून बसली. माझा उजवा गुडघा हल्ली वाजतो. मी आधी तिला नीट धरले.